धुऱ्याचा गोटा

वैशाख. धसकटं वेचणाऱ्या बाया
पळसाखाली डबे सोडून बसल्यात,
आणि मी गोठ्याला लागून असलेल्या खोलीत
कूलरसमोर, मांडीवर लॅपटॉप घेऊन
सकाळपासून चौथ्यांदा मेलेला खेळ उठवते आहे.

खेळ असा: रात्र, तुरीचं वावर, जागलीला बसलेला एकजण
आणि अंधारातून येणारी रानडुकरं.
एका डुकराच्या शेपटाला दुसऱ्याचा पत्ता बांधलेला,
दुसऱ्याच्या शेपटाला तिसऱ्याचा.
शेवटच्याच्या शेपटाला काय बांधायचं?
मी बांधला होता एक आकडा. एक. नुसता एक.
त्या पत्त्यावर घर नाही, कुणी राहत नाही,
एवढंच सांगायला की इथं कळप संपला.

मला कळत होतं. मी लिहिलेल्या ओळींना कळत होतं.
झाडणाऱ्याला नव्हतं.

तो त्याच्या वेळेला येतो, बोलावलं नाही तरी.
मुळापासून निघतो, दोर धरत जातो,
ज्याच्यापर्यंत पोचतो त्याच्या कपाळावर खूण करतो,
बिनखुणेचं उचलून नेतो.
प्रामाणिक आहे. त्याला दोष देता येत नाही.
शेवटच्या डुकरामागून तो एकच्या पत्त्यावर गेला,
खूण करायला अंगठा पुढे केला
आणि तिथे कपाळच नव्हतं.
पडदा काळा. कूलर चालू.

बाहेर गलका झाला म्हणून उठले.
कवडूची नवी सून, पहिलाच हंगाम तिचा,
धसकटांसोबत गोटेही वेचत टोकापर्यंत गेली होती
आणि टोपल्यात घालून घेऊन आली होती
आमच्या अन् ढोक्यांच्या मधला तो गोटा.
"थो गोटा नोय व माय," मैनाबाई उईके म्हणाली,
"थो धुरा हाय."
पोरीने टोपल्यात पाहिलं.
गोटाच होता. करडा, एका अंगाने फुटलेला,
बाकीच्या वीस-पंचवीसांसारखाच.
"मंग लिवून ठेवाव ना त्याच्यावर."
बाया हसल्या. मला काही हसू आलं नाही.

खड्डा सापडायला अर्धा तास गेला.
ओलसर माती, दोन वाळव्या, गोट्याच्या बुडाचा ठसा.
मैनाबाईने गोटा बसवला, टाचेने ठोकला,
कमरेची तंबाखूची डबी काढली
आणि अंगठ्याने चुन्याचा एक पट्टा ओढला त्याच्यावर.

मी आत येऊन एकचा आकडा खोडला.
त्या जागी खरी वस्तू घडवली, अंग असलेली, कपाळ असलेली,
खेळ सुरू होताना एकदाच जन्मणारी,
थेट मुळाशी बांधलेली,
म्हणजे झाडणारा येईल, खूण करील, पुढे जाईल.
मग प्रत्येक ओळीत, हात लावायच्या आधी, विचारणं घातलं:
तूच का तो? असशील तर मी इथूनच मागे फिरते.
तुझं वजन विचारत नाही, सुळे मोजत नाही.

एक राहिलंच होतं, ते चहा पिताना सुचलं.
खेळ जतन करून उद्या उघडला
तर हुबेहूब दुसरा धुरा उगवेल,
तसाच, पण तो नव्हे,
आणि विचारणं फसेल, डुकरं त्याच्या पलीकडे शिरतील.
दोन गोट्यांवरून गावात काय होतं ते मी पाहिलं आहे.
म्हणून जतन करताना त्याला टाकायचंच नाही,
नुसतं लिहायचं, संपलं;
आणि उघडताना त्या एकालाच पुन्हा शेपूट बांधायचं.

साडेपाचला पोरगी पाणी प्यायला दारात आली.
पडद्यावर कळप चालत होता. झाडणारा दोनदा येऊन गेला होता.
"शेवटचं कोनतं?"
दाखवलं.
"त्याच्या मांगं?"
कोणी नाही, म्हटलं. म्हणजे, आहे एक.
तिने थोडा विचार केला. "याले चुना लावला का?"
लावला, म्हटलं,
आणि तेवढ्यात लाईन गेली.
कूलरचं पातं हळूहळू थांबलं.
बॅटरीवर डुकरं चालतच राहिली.